मळवलीचे घर सविताच्या नावे

मी, शालूबाई अमृत केदारी, वय ६९, निवृत्त परिचारिका, राहणार मळवली, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव आहे, पण मी त्याला बळी पडलेली नाही. माझा मुलगा कैलास "आईचं डोकं फिरलंय" असे सांगत फिरतो, म्हणून आज सकाळीच डॉक्टरांकडून तपासून घेतले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मळवलीतील दीड गुंठा जागा व त्यावरील तीन खोल्यांचे घर मी माझ्या नोकरीतून उभे केले. माझ्या पश्चात ते माझी सून सविता कैलास केदारी हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. भातखाचरे वडिलोपार्जित आहेत. त्यांत कायद्याने कैलासचे जे असेल ते त्याचे. या घरात त्याला हक्क नाही.

२. कारण लिहिणे भाग आहे. गेल्या मार्चमध्ये कैलासने सविताचा हात पिरगळून मोडला. मी त्याच खोलीत भाजी निवडत होते. दवाखान्यात तो डॉक्टरांना म्हणाला, "न्हाणीत पाय घसरला." सविता खाली बघत होती. डॉक्टर लिहू लागले.

मी म्हणाले, "तसं लिहू नका. ह्यानं हात पिरगळलाय."

कैलास माझ्याकडे वळला. "आई, तू कुणाची?"

"मी बघितलंय, कैलास."

सविताने त्याच दिवशी तक्रार दिली, पुढे कोर्टाकडून संरक्षणाचा आदेशही मिळवला. नऊ वर्षांच्या समीक्षाला घेऊन ती जिथे राहते, तो पत्ता या कागदात नाही. कैलास मित्राकडे राहतो आणि एक दिवसाआड माझ्या दारात येतो. "घर माझ्या नावावर कर, न्हाईतर तुला बी बघतो," असे दोनदा म्हणाला आहे.

३. हे बोलायला मला फार उशीर झाला. आंदर मावळात आरोग्य उपकेंद्रावर नोकरीला असताना एक बाई वर्षभरात तीनदा आली. आधी डोळा, मग बरगडी, मग भाजलेला दंड. नवरा दरवेळी शेजारी उभा. मी "पडली", "भाजली" एवढेच लिहिले, मलमपट्टी केली आणि परत पाठवली. चौथ्यांदा तिला बाजेवर घालून आणली, तेव्हा माझ्या करण्यासारखे काही उरले नव्हते. तिचे नाव लिहीत नाही, तिची मुले आता संसाराला लागली आहेत. गावात दोघांना हगवण लागली तरी मी विहीर तपासायला पळत असे. इथे तर रोगाचे मूळ माझ्यासमोर उभे होते आणि मी त्याला बसायला खुर्ची देत होते.

गप्प का राहिले, तेही लिहिते. माझ्याही घरी तेच होते. कै. अमृत यांनी मला कधी हात लावला नाही, असे मी आजवर सांगत आले. ते खोटे आहे. दारू न पिता मारायचे. कैलास ते बघत मोठा झाला. त्याने केले त्याचा दोष त्याचाच. पण हे चूक आहे, असे मीही त्याला एकदासुद्धा बसवून सांगितले नाही.

४. माझे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आशा सेविका नजमा मकसूद शेख हिला द्यावे. नजमा, तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. त्या बाईनंतर मी प्रत्येकीला एकटीला विचारू लागले. आधी नवऱ्याला, सासूला पाणी आणायला पाठवायचे. मग ताप, खोकला विचारतो त्याच आवाजात विचारायचे, "घरात कोण मारतं का?" नाही म्हणाली तर पुढच्या खेपेला परत विचारायचे. एक बाई सातव्या खेपेला बोलली होती. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही नजमानेच करावी.

५. रस्त्याकडची खोली, घर सोडून आलेल्या बाईला चार दिवस टेकायला मोकळी ठेवावी. ही सविताला अट नाही, विनंती आहे.

६. मी पडून किंवा भाजून मेले, असे कोणी सांगितले तर शवविच्छेदन झाल्याशिवाय मला जाळू नये.

७. कैलासने वर्षभर समुपदेशनाला जावे. त्यानंतर सविताची आणि समीक्षाची इच्छा असेल, तरच लेकीला भेटावे. हे माझ्या हातात नाही. आई म्हणून लिहिले आहे.

एवढे लिहून झाले आणि कैलास दारात आला. दुपारचे बारा वाजले होते. साक्षीला शेजारचे निवृत्तीभाऊ आणि सरुबाई बसले होते. निवृत्तीभाऊ उठू लागले, त्यांना मी बसवले आणि पहिल्या ओळीपासून सगळे मोठ्याने वाचले.

"घर तिला दिलंस?"

"व्हय."

"सविता कुटं हाय?"

मी सहीसाठी पेन उघडले. त्याने दारावर इतक्या जोरात हात आपटला की सरुबाईंनी माझा दंड धरला. "कुटं हाय ती?" मी कागदावरून मान वर केली नाही.  शेवटी तो गेला.

माझा हात अजून थरथरतो आहे. वयाने नाही, आजाराने नाही, भीतीने. सही वाकडी आली तरी ती माझीच समजावी.

सही: शालूबाई अमृत केदारी

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या.
साक्षीदार:
१. निवृत्ती गेणू शेडगे, मळवली
२. सरुबाई दत्तोबा विकारी, मळवली

स्थळ: मळवली
दिनांक: १४ मे २०२५