सुरूच्या बोंडांची मूठ

मंगळवार, संध्याकाळ, नवापूर कोळीवाडा

हे गेले, मग ह्यांच्या दाढीच्या ब्रशची मूठही तडकली. केस मात्र चांगले होते. म्हणून सुरूची बोंडं साच्यात ठेवून, वर रेझिन ओतून मी नवी मूठ केली, केस तिच्यात बसवले. आमच्या संदेशनं तो वापरावा, एवढंच मनात. पण बोंडं बोंबलांसोबत वाळवायची बुद्धी कुठून सुचली मला? आज मूठ पॉलिशपेपरने घासताना तोच वास सुटला. जाऊबाई हसल्या, "मंदे, मांजरं चाटतील गो पोराचे गाल!"

फेकूनच देणार होते. संदेशनं मूठ हातातून घेतली, नाकाशी धरली.

"आये, ऱ्हाऊ दे. बाबा बोटीवरून आला का असाच वास यायचा."

त्यानं गालाला फेस लावला. दाढी होईपर्यंत मी जवळच उभी राहिले.