खाडीकडचं दार

२० नोव्हेंबर १९६६, रविवार

पोचले एकदाची. बोईसरला उतरले तर फलाटभर माणसं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावरचे मजूर, त्यांच्या लोखंडी पेट्या, त्यांची हिंदी. त्यातल्याच एकाने माझी वळकटी एस. टी.च्या टपावर चढवून दिली आणि पैसे विचारले तर हसला. गाडीत पायाखाली सुक्या बोंबलांच्या टोपल्या. नाकाला पदर लावला होता, तो अर्ध्या वाटेत कधी सुटला कळलंही नाही.

काशीबाईंच्या घरची पुढची खोली मिळाली आहे. दोन मुलगे बोटीवर, नवरा नाही, तोंडाने फटकळ. मला बघून म्हणाल्या की एवढीशी बाई मोठ्या पोरांना काय शिकवणार. वर मला तळलेल्या बोंबलांचं दुसरं ताट वाढलं.

बी. एड.चे सलग पाठ इथल्या हायस्कुलात घ्यायचे. गेल्या वर्षी, दुसऱ्या गावी, खासनीस सरांनी मला नापास केलं. कारण काय, तर मुलगा 'हाय' म्हणाला आणि मी त्याला 'आहे' म्हणायला लावलं नाही. यंदाही निरीक्षक तेच. पास झाले तर नगरच्या शाळेत कायमची नोकरी. नाही झाले तर आत्याने आणलेला बिजवर तयारच आहे. बघतेच आता. पण आज मन खूश आहे, खोलीत समुद्राचा वारा येतो.

२१ नोव्हेंबर, सोमवार

मला नववी दिली आहे. शाळा खाडीला अगदी चिकटून. वर्गाला मागे एक दार, दाराबाहेर ओटा, ओट्याखाली खडक. उधाणाला पाणी ओट्यावर चढतं, म्हणून तास सुरू करताना ते दार लावून कडी घालायची. त्याआधी वर्गाला विचारायचं की बाहेर कोणी आहे का. भरती असो नसो, रोज विचारायचं. चांगली पद्धत आहे.

मी विचारलं. सगळा वर्ग एका दमात ओरडला, "नाय." माझ्या हातातला खडू पडला. मला हसू आलं, पण हसणारी मी एकटीच होते.

खासनीस सरांच्या लेखी यात दोन गुन्हे. एक, सामुदायिक उत्तर. दुसरा, 'नाय'. मी ताकीद दिली. यापुढे मी नाव घेईन त्यानेच उत्तर द्यायचं आणि 'नाही' म्हणायचं.

२३ नोव्हेंबर, बुधवार

सांगूनही काल ओरडलेच. आज आवाज चढवला. पहिल्या बाकावरची मंगळी उभी राहून म्हणाली, "बाय, सगल्यांनीच बोलाया लागतं." मी तिला खाली बसवलं. मला कोणी शिकवायला नको होतं. मी लाडकीचं नाव घेतलं. लाडकी हुशार, कधी चुकत नाही.

ती उठली. मागच्या दाराकडे बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "हाय."

आणि दाराबाहेरूनही कोणीतरी म्हणालं, "हाय."

मुलीचा आवाज. चेष्टा समजून मी तणतणत लोटलेलं दार उघडलं. ओटा रिकामा. ओहोटी, लांबवर नुसता चिखल. ओट्यावर ओल्या पावलांचे ठसे उंबऱ्यापर्यंत आलेले. परत गेलेले नव्हते.

लाडकीला तासभर उभी ठेवली. ती रडली नाही याचाही मला राग आला.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

कालपासून काशीबाई माझ्याशी बोलेनात. आज मीच विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

लाडकीची थोरली बहीण नवसी, याच पोरांबरोबर, तेव्हा आठवीत, खोली हीच. गेल्या वर्षी बी. एड.चीच कोणी मुलगी पाठ घेत होती आणि मागे निरीक्षक बसले होते. नवसी सकाळची मासळी निवडून तशीच धावत आली, हातांना वास. निरीक्षकांनी तिला मागच्या ओट्यावर उभं केलं आणि बजावलं की पाठ संपेपर्यंत हिचं नाव कोणी काढायचं नाही. भरती चढायला लागली. दार लावायची वेळ झाली. त्या शिकवणाऱ्या मुलीने पद्धतीप्रमाणे विचारलं, बाहेर कोणी आहे का. पोरांनी निरीक्षकांकडे बघितलं आणि एकसुरात सांगितलं, नाय.

कडी पडली. नवसीने दार वाजवलं. निरीक्षक म्हणाले, पाठ चालू द्या. खडकांवरून वळसा घालून पुढच्या दाराशी यायला ती निघाली असणार. तिसऱ्या दिवशी खाली शिरगावच्या किनाऱ्याला सापडली.

तेव्हापासून पोरं रोज नाय म्हणतात. तसं म्हटलं नाही तर ती आत येईल म्हणून. आणि गेल्या वर्षी त्या ओरडण्यात लाडकीचाही आवाज होता. काशीबाई म्हणाल्या, "आता त्या पोरीच्या तोंडून नाय कसा निगल?"

निरीक्षकांचं नाव विचारलं. खासनीस.

जेवले नाही. घास तोंडाशी नेला की दात आवळले जातात. एका मुलीचा जीव घेतला आणि त्यांच्या लेखी तो चालू पाठ होता. त्याच माणसासमोर मी सोमवारी परीक्षेच्या पाठाला हात जोडून उभी राहणार.

२६ नोव्हेंबर, शनिवार

मागचा बाक ओला आहे.

तिथे कोणी बसत नाही. आज कोणीतरी बसलं होतं. पोरांनी एकदाही मान मागे वळवली नाही. मी शिकवत राहिले, फळ्याकडे तोंड करून. प्रश्न विचारला की मागे एक हात वर होतो. दर प्रश्नाला. मी तिला विचारलं नाही. मला तिची भीती वाटते आणि भीती वाटते याची चीड येते. तिने काय केलंय.

२७ नोव्हेंबर, रविवार

हेडमास्तरांच्या घरी गेले. उद्या खासनीसांना त्या वर्गात येऊ देऊ नका म्हटलं. ते म्हणाले, झालं ते झालं, शाळेचं नाव कशाला खराब करता, तुम्ही आपला पाठ बघा. चहा विचारला. मी कप ढकलला, सांडला. बरं झालं.

दुपारभर मागच्या बाकावरच्या हाताची आठवण —

झोप नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार, वर्गात

पेन्सिलीने लिहिते आहे. लिहिलं की जरा —

पाठ सुरू झाला होता. लाडकी उशिरा आली. मासळीचा वास. सरांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, मागे ओट्यावर. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग नापास. मी म्हटलं, लिहा.

त्यांनी स्वतःच मागची कडी काढली, लाडकीचा दंड धरला, ओढत बाहेर नेली. ती हिसका देऊन आत पळाली. सर बाहेर.

दार लागलं. मी लावलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी उठलं होतं. कडी पडली.

आज पौर्णिमा. पाणी ओट्यावर आहे. आवाज येतो.

सर दार ठोकताहेत. आधी मला मूर्ख म्हणाले. मग बाई म्हणाले. आता नुसतं उघडा, उघडा —

कडी सैल आहे. उठून हात लावून पाहिला. सहज निघेल. परत येऊन बसले.

लाडकी म्हणाली, "बाय, उगडा." ती एकटीच. बाकीचे सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. वाट बघताहेत. मागच्या बाकावरची पण. तिने हात खाली घेतलाय.

उघडायला हवं. मी बाई आहे या वर्गाची. उघडायला हवं. पण राग जात नाही, छातीत बसलाय, आणि तो माझाच आहे, कोणी घातलेला नाही.

लाडकी रडते आहे. आज रडते आहे.

मी उठले. वर्गाला विचारते आहे, बाहेर कोणी —