पालथं पडून पंचाहत्तर मिनिटं

४ फेब्रुवारी, टोरांटो

साडेतीन तास पालथं! हलायचं नाही. रुग्णालयाच्या या विभागाचा दंडकच आहे — रुग्णाला जे सोसायला सांगायचं, ते आधी स्वतः सोसायचं. माझ्यासारख्या बातमीदारालाही सूट नाही. पूर्वी संस्कृत पाठशाळेत शिकवायचो, तेव्हा माझं आसन वाखाणलं जाई. आज चाळिसाव्या मिनिटाला कमरेनं या शास्त्रीबुवांची अब्रू घालवली! इथली भौतिकशास्त्रज्ञ गिस्लेन आर्सेनो हसली — "मी सहा वेळा पडलेय. म्हणून तर वेळ कमी करतेय!"

५ फेब्रुवारी

आज नीट समजावून घेतलं. ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गर्भाशयातली गाठ जाळायची, चिरफाड नाही. पण वाटेतली कातडी, चरबीही तापते. म्हणून दर माऱ्यानंतर ती निवेपर्यंत थांबायचं. सगळा वेळ खातं ते हे थांबणं.

गिस्लेननं फक्त क्रम बदलला. एक मारा या टोकाला, पुढचा त्या टोकाला; तोवर पहिली जागा निवते. "आई मोठ्या तव्यावर पॅनकेक घालायची, ते काय एकाच कोपऱ्यात?" बस्स! साडेतीन तासांची पंचाहत्तर मिनिटं. एवढं साधं सुचायला चार हिवाळे लागले आणि एक नवरा सोडून गेला, म्हणते. साष्टांग नमस्कार घातला असता, पण कंबर!

९ फेब्रुवारी

लिओना पेट्रिकला भेटलो. नव्या क्रमाची पहिली रुग्ण. ट्राम चालवते, वय अडतीस. पाठदुखीनं दोनदा उपचार अर्ध्यावर सोडावे लागले. तिसऱ्यांदा फसलं तर गर्भाशयच काढणार. आणि तिला मूल हवंय. "ट्राम वेळेवर नेते मी. निजून राहणं तेवढं जमत नाही!" हसली.

१२ फेब्रुवारी

पन्नासाव्या मिनिटाला लिओनानं हातातलं थांबवायचं बटण दाबलं. "पाठीत चटका बसतोय!"

गिस्लेन पडद्याकडे बघत राहिली. मग माइकवर — "बरं केलंस सांगितलंस, बाई. आता दर माऱ्यानंतर थांबू."

म्हणजे जुनीच पद्धत! एकूण एकशेवीस मिनिटं. गाठ पुरती जळली, लिओना रडली. गिस्लेनच्या शोधनिबंधातला पंचाहत्तरचा आकडा मात्र गेला. तिचा सहकारी कुरकुरला; गिस्लेन शांतपणे बटरटार्ट, इथली गोड पेस्ट्री, खात बसली.

१३ फेब्रुवारी

लिओनाचा फोन. चटका बसलाच नव्हता. "घाबरले हो! गिस्लेनला सांगू नका."

नाही सांगितलं. गिस्लेनला एवढंच विचारलं — पाठ कितपत तापली होती?

"मुळीच नाही. पडद्यावर दिसतं ना तापमान."

"मग थांबलीस कशाला?"

"बटण तिच्या हातात होतं."