सिंधूच्या बाजूची वाकळ

ता. ९ मार्च १९८६

चि. सिंधूस पंचफुलाअक्काचा आशीर्वाद. आमच्याकडं सगळे खुशाल हायत. तुमची खुशाली कळवावी.

पहिलं म्हणजे पत्त्यावर उस्मानाबाद जिल्हा लिहिणं बंद कर. लातूर जिल्हा होऊन चार वर्सं होत आली. पोस्टमन मला बोलतो, "बाई, बहिणीला कुणी सांगितलं न्हाई का?" काय सांगू त्याला? मी तुला एकबी पत्र लिवलं न्हाई म्हणून?

यंदा पाणी न्हाई. आडाचा तळ दिसाय लागला. टँकर आला की बायका एकमेकीच्या झिंज्या धरतात. अन् अशात लातूरहून एक बाई जीपमधून आली, प्रदर्शनाला जुन्या वाकळा मागत. तिला दांडीवरची आपली वाकळ दिसली. बहात्तरच्या दुष्काळात मायच्या लुगड्यांची शिवायला घेतलेली, तू त्या टोकानं, मी या टोकानं. माझी बाजू अर्ध्यापर्यंत आली. तुझी वीतभर, अन् सुई तशीच टोचलेली.

बाई म्हणते, "किती सुंदर! उरलेली या कोंडाबाईंकडून पुरी करून घ्या. हा आपला वारसा आहे."

मी म्हणलं, "वारसा असंल. ती बाजू माझ्या बहिणीची हाय. कोंडाबाईनं सुई लावली तर हात मोडीन तिचा."

गावाच्या वाकळा शिवणारी कोंडाबाई शेजारीच उभी होती. तवापासून बोलत न्हाई. न्हाई तर न्हाई. सरपंच मलप्पा रोज दारात येतो, "देऊन टाक, गावाचं नाव होतंय." गावाला प्यायला पाणी आण म्हणावं आधी. येत्या गुरुवारी जीप परत येणार हाय.

तुझ्यावर राग हायच. त्याच दुष्काळात खडीच्या कामावर हजेरी मांडणाऱ्या साहेबरावच्या घागरीतलं पाणी समद्यांदेखत पिलीस, अन् महिन्यात त्याच्यासंगं नांदेडला गेलीस. जयभीमवाल्याच्या घरात पोरगी गेली म्हणून भावकीनं दोन वर्सं आम्हाला पंगतीला बसू दिलं न्हाई. मी नवऱ्यानं टाकलेली, मला कुठं जायचं होतं? खडी फोडायला मी अन् माय राहिलो.

वर खुशाल लिवलं ते खोटं हाय. माय संक्रांतीच्या चौथ्या दिवशी गेली.

तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवायची. माझी शाळा चौथीपर्यंतची, अडखळत वाचायची. दर पत्रात शेवटी तू लिवायचीस, "माय, येऊ का?" ती ओळ मी कधी वाचलीच न्हाई. माय विचारायची, "यायचं काही लिवलंय का गं?" मी म्हणायची, न्हाई. तेरा वर्सं. भावकीच्या भ्यानं केलं असं लिवलं असतं, पर तेबी खोटंच. मला राग होता, एवढंच.

शेवटी तिला हुडहुडी भरली. म्हणलं, वाकळ टाकू का अंगावर? तर म्हणते, "नको, सिंधीची बाजू उघडी हाय. वारं शिरंल." घोंगडीत गेली.

आता रड, मला शिव्या दे. पर गुरुवारच्या आत ये. प्रदर्शनाला न्हाई, आपल्याला पांघरायला पुरी करायची. साहेबरावलाबी आण. आमच्या घागरीतलं पाणी मी त्याला समद्यांदेखत देईन, भावकीला काय बोलायचं ते माझ्याशी बोलू दे.

सुईचा गंज घासलाय, जागची काढली न्हाई. "येऊ का" आता लिहू नको. मी वाचणार न्हाई.

तुझ्यासमोर बसायची,
पंचफुलाअक्का