वरची जागा कोरी ठेवली

५ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. देश विकला जातोय, कुणीतरी नोंद ठेवायला हवी. पेपरात वाचलं: परदेशाशी व्यापार करार, तोही बंद दाराआड. खासदारांनाही मसुदा दाखवला नाही. मला तर नाहीच. एक कलम भयंकर. परदेशी कंपनीला दिलेली परवानगी लोकांनी नंतर काढून घेतली, तर कंपनी सरकारला परदेशी लवादापुढे खेचणार. मग आम्ही मतं कशाला देतो? २६ तारखेच्या ग्रामसभेत निषेधाचा ठराव मांडणार. पक्कं.

८ जानेवारी
हिला कलम समजावलं. म्हणाली, आधी पाण्याची टाकी धुवा. टाकी उद्या.
सरपंच अनिल भेटला. लांबचा पुतण्या. वरच्या झऱ्यावर कुणी परदेशी बाटलीबंद पाणीवाले येतायत, पंचायतीची ना हरकत हवी, असं काहीतरी सांगत होता. म्हटलं, किरकोळ गोष्टी तू बघ, मी आंतरराष्ट्रीय बघतो. आदराने ऐकत होता. गुणी पोरगा.

१४ जानेवारी, संक्रांत
निम्मं गाव मुंबईत, त्यामुळे सभेला कोरम कधीच भरत नाही. पण आमची पद्धत आहे: सह्या आधी घरोघर, सभा नंतर. रजिस्टर घेऊन निघालो. तिळगूळ देणाऱ्याला कोण नाही म्हणणार? पहिली सही माझी. वरची जागा कोरी ठेवली, कारण ठरावाची भाषा उच्च हवी, घाई नको.
ठकूबाई काकीने अंगठा पुढे केला आणि अडली. “येसू, वर काय लिवलंय रे?” म्हटलं, काकी, लोकशाही वाचतेय, तू अंगठा दे. दिला.

२० जानेवारी
मसुद्याचं पहिलं वाक्य दीड पान झालं. अजून क्रियापद आलेलं नाही. टाकी राहिली.

२५ जानेवारी
अनिल स्वतः येऊन रजिस्टर घेऊन गेला. म्हणाला, तुम्ही भाषणाकडे लक्ष द्या, लिहायचं आम्ही बघतो. असा सरपंच नशिबाने मिळतो.

२६ जानेवारी
झेंडावंदन, मग सभा. अकरा माणसं. चाळीस मिनिटं बोललो. परवानगीचं कलम तीनदा समजावलं. टाळ्या अनिलनेच सुरू केल्या. घरी आल्यावर मसुदा कोटाच्या खिशात सापडला. उद्या देतो.

३ फेब्रुवारी
गावच्या नळाला पाणी येतं त्याच झऱ्याला कुंपण घालतायत. पंचायतीत धावलो, रजिस्टर उघडलं. आमच्या सह्यांच्या वर सुबक अक्षरात: पाणी कंपनीस सर्वानुमते ना हरकत. खाली पहिली सही माझी, दोनदा अधोरेखित.
अनिलला म्हटलं, रद्द कर. तो शांतपणे म्हणाला, “काका, एकदा दिलेली परत घेता येत नाय. तुम्हीच तीनदा सांगितलंत.”
दगा. याच्या लग्नाची बोलणी मी केली होती. घरचाच माणूस, आणि असा दगा. दिल्लीवाले निदान अनोळखी तरी होते.

२२ मार्च
ठकूबाई काकी रिकामा हंडा घेऊन ओट्यावर बसली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “मी इचारलं होतं तुला. तवा वर काय लिवलं होतं?”
म्हटलं, काहीच नव्हतं, काकी.
ती गेल्यावर टाकी धुवायला काढली. नळाला पाणी नाही.