जावईबापूंचे तेल पिणारे बुश

भाद्रपद वद्य ३, सोमवार

शेठजींनी आज कापसाच्या जिनात सगळ्यांसमोर सांगितले. लढाईमुळे काशाचे बुश, दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, कुठेच मिळत नाहीत. जुने इतके झिजले की सरकी काढणाऱ्या रेच्याचा दांडा त्यात घुंगरासारखा वाजतो. दिवाळीपर्यंत रेचे नीट फिरले पाहिजेत, नाहीतर खामगावहून दुसरा मिस्त्री आणणार.

इथले मिस्त्री म्हणजे आमचे जावईबापू, मान खाली घालून उभे होते. मग एकदम म्हणाले, "मी करतो नं शेठजी. लोखंडाच्या पुडीचे करतो."

पुडीचे! शेठजी हसले. मी तेलाचा डबा हातात धरून तिथेच उभा. नोकरी गेली तर जावईबापू जबलपूरला भावाकडे जाणार, तिथे तोफांच्या कारखान्यात माणसे हवीच आहेत. म्हणजे वच्छीही जाणार. मला ती एकच लेक. चिखलीहून जबलपूर किती लांब ते नकाशात पाहवत नाही.

आणि शब्द दिला तोही पितृपक्षात. कोणी नवे काम काढते का या दिवसांत? पण जावयाला टोकायचे कसे. (पुढे जा. बा. एवढेच लिहीन. बोटे दुखतात.)

भाद्र. वद्य ५, बुधवार

वच्छीला म्हटले, त्यांना विचार हे खूळ कुठून आले. तिने विचारून सांगितले: "शेठजीच्या मोटारीतला बुश तुटला व्हता, तो त्याह्यनं फोडून पाह्यला. आत मोतीचुराच्या लाडूवानी दाने दाने व्हते म्हन्ते. त्या दान्याच्या मधात तेल बसते. गरम झालं का तेल भायेर येते, थंड झालं का आत जाते. वरून तेल घालाचं कामच नाई."

मग तेलवाल्याचे काय काम? जन्म गेला माझा त्या डब्यासोबत. पण हे मनात आले आणि मनातच ठेवले. लोखंड श्वास घेते तसे तेल घेते, ही गोष्ट खरी असेल तर ज्याने पहिल्यांदा शोधली त्याला नमस्कार.

भाद्र. वद्य ९, रविवार

लेथखाली पडलेला बिडाचा चुरा जा. बां.नी भट्टीत भाजला, खलबत्त्यात कुटला, वच्छीच्या चाळणीने चाळला. चाळणी गेली कामातून. वच्छी म्हणते जाऊ द्या. त्यात चिमूटभर काळे शिसे आणि तांब्याचा कीस. पोलादी साच्यात भरून दाबला कशाने, तर गठाणी बांधायच्या प्रेसने! ज्या प्रेसखाली रुईचा डोंगर उशीएवढा होतो तिच्याखाली मूठभर पूड. मग कोळशाच्या पुडीत पुरून, पेटी मातीने लिंपून, भट्टीत.

बाहेर आले ते छान दिसत होते. हातात घेऊन जरा आवळले तर कडेचा तुकडा निघाला, शिळ्या भाकरीसारखा.

जा. बा. तुकडा उजेडात धरून बघत बसले. मला भीती वाटते या माणसाच्या गप्प बसण्याची.

भाद्र. वद्य १२, बुधवार

पेच असा आहे. जास्त दाबले तर बुश मजबूत होतो, पण तेल पीत नाही. कमी दाबले तर तेल पितो, पण झिजतो. तांबे वाढवून मजबुती आली, मोडत नाही आता. झीज मात्र तशीच. जुन्या रेच्यावर लावून पाहिला, संध्याकाळपर्यंत दांड्याखाली काळा गाळ.

इस्माईलभाई बॉयलरवाला मला म्हणाला, "काय चाचा, जावयाच्या हाताखाली सासरा, आनि दोघायच्या हाताखाली भुगा!" सगळे हसले. मीही हसलो.

आश्विन शुद्ध ४, बुधवार

आज कौतुक लिहितो, कारण काळजीच लिहीत असतो. जा. बा. दर वेळी एकच गोष्ट बदलतात. कधी तांबे, कधी दाब, कधी आच. दोन गोष्टी एकदम कधीच नाही. मी त्यांच्या जागी असतो तर सगळेच बदलून बसलो असतो आणि काय कशाने झाले ते देवालाही कळले नसते. माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्याला एवढे तरी कळते, की ही चाल मोठ्या माणसाची आहे.

वच्छीला तसे म्हटले. ती म्हणाली, "मले काऊन सांगता? त्याह्यले सांगा." आता जावयाला तोंडावर कसे सांगणार.

आश्विन शु. ९, सोमवार, खंडेनवमी

शस्त्रपूजा. जिनातली सगळी अवजारे दरवर्षी मीच धुतो. पान्हे, कानशी, हातोडे, माझा डबा. शेल्फावर नवे बुश भट्टीतून निघालेले, तेलात घालायचे राहिलेले. म्हटले यांना का वगळायचे, यांनाच तर आशीर्वाद हवा. ऊन पाण्याने चोळून धुतले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली. फार छान दिसत होते. हात जोडून म्हणालो, देवीबाई, माझी लेक इथेच राहू दे.

आश्विन शु. १०, मंगळवार, दसरा

सोने वाटायला जिनात गेलो तर बुशांवर तांबूस घाम फुटलेला. गंजले. वरून नाही, आतून. दाण्यादाण्यांत पाणी शिरलेले, ते फडक्याने पुसून निघते थोडेच! तेलाला जे घर केले होते त्यात मी पाणी घातले.

जा. बां.नी पाहिले. माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "राहू द्या मामाजी. सनाचा दिवस हाये." आणि वाकून पाया पडले, हातात आपट्याची पाने दिली. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

इस्माईलभाई: "लोखंडाले अंघोळ घातली चाचा, आता उटनं बी लावा!"

जेवण गेले नाही.

आश्विन शु. १२, गुरुवार

जा. बा. म्हणाले, फेकण्यापेक्षा वाळवून पाहू. ओलेच बुश पेटीत घातले, माती लिंपली, भट्टीवर ठेवली. या वेळी आच बेताची, नुसते वाळायचे म्हणून. पेटीच्या फटीतून फुसफुस येत होती. मी लांब उभा. तापल्या लोखंडात पाणी, फुटले तर?

फुटले नाही. उघडले तर बुश निळसर काळे. जांभळाच्या पाठीवर असतो तसा रंग. जा. बां.नी कानस घातली. कानस घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. त्यांनी कानस माझ्या हातात दिली, म्हणाले, "तुम्ही पाहा बरं." मी लावली. काचेवर लावल्यासारखी.

"हे काय झालं जावईबापू?"

"मले बी नाई समजलं मामाजी," म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी.

आश्विन शु. १४, शनिवार

मी म्हणतो देवीची कृपा. जा. बा. म्हणतात असेलही, पण देवीनं केलं ते कशानं केलं ते पाहू. म्हणून आज काही बुश न धुता तसेच तेवढ्याच आचेवर ठेवले, काही धुऊन. न धुतलेले करडे आणि मऊच. धुतलेले काळे आणि कडक. म्हणजे पाणी. पाण्याची वाफ होऊन ती तापल्या लोखंडाला लागते, आणि दाण्यादाण्याला कडक साल येते, असे त्यांचे म्हणणे. गंज नव्हे, गंजाचा थोरला भाऊ.

भिजवण्यापेक्षा सरळ वाफच द्यावी, म्हणाले. वाफ तर बॉयलरात हवी तेवढी.

आश्विन वद्य ४, गुरुवार

इस्माईलभाईने बॉयलरपासून नळी आणून दिली. तोंडाने थट्टा आणि हाताने मदत, असा माणूस. पेटी तापली, मग त्याने वाफेची चकती हळू फिरवली. सूं आवाज. मी दाराबाहेर उभा राहून रामरक्षा म्हणत होतो, मधले श्लोक विसरलो.

सगळे बुश एकसारखे काळे, करवंदासारखे. गरम तेलात सोडले तर बारीक बुडबुडे येत राहिले. आधीपेक्षा थोडे कमी पितात, पण पितात. साल कडक आणि पोट तहानलेले. हेच तर हवे होते! दाबाने जमले नाही, तांब्याने जमले नाही, ते वाफेने.

इस्माईलभाई म्हणाला, "उस्ताद हाये बे तुमचा जावई." मग मलाच: "आनि तुम्ही उस्तादाचे धोबी."

आश्विन वद्य १२, शुक्रवार

रेचा चालू. नवे बुश. तेल घालायची मला बंदी. हात आपोआप डब्याकडे जातो, म्हणून डबा वच्छीकडे घरी ठेवला. दिवसभर फिरला. काळा गाळ नाही, वाजणे नाही. शेठजी दोनदा येऊन गेले, खामगावच्या मिस्त्रीचे नाव काढले नाही. दिवाळी गोड.

कार्तिक शुद्ध १२, शनिवार

सगळ्या रेच्यांना नवे बुश. शेठजी अमडापूरच्या बाजारापर्यंत सांगत सुटले आहेत, "आमच्या जिनात लोखंड तेल पिते." सांगू नये इतके. चांगल्या गोष्टीचा बोलबाला झाला की दृष्ट...

कार्तिक वद्य २, गुरुवार

दृष्ट लागलीच. जबलपूरच्या सरकारी कारखान्यातले एक साहेब शेठजींकडे कापसाच्या कामाला आले होते, ते बुश पाहायला आले. फोडून पाहिला, भिंगाखाली धरला. जा. बां.ना विचारत गेले, जा. बा. सांगत गेले. दाब, तांबे, वाफ, काही लपवले नाही. साहेब म्हणाले, असा माणूस आम्हाला हवा आहे. पण आधी खात्री हवी, सकाळपासून फिरून हा बुश तापतो का?

शेठजी म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याचा हात लावा. आयुष्यभर बुशच चाचपत आला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. जा. बा.सुद्धा. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून काही मागितल्यासारखे कधी पाहिले नव्हते. "गरम आहे" एवढे म्हटले असते तर साहेब टोपी घालून निघून गेले असते. ओठांवर आले होते, देवाशपथ.

हात ठेवला. पालथा ठेवला, सुलटा ठेवला. रांजणाच्या अंगासारखा. लोखंडाचा चुरा, लेथखाली झाडून टाकायचा, त्याचे हे केले या माणसाने.

"थंड आहे साहेब," मी म्हणालो. "तासाभराने पाहा, थंडच राहील. माझ्या जावयाने केला आहे."

तोंडावर म्हटले. सगळ्यांसमोर. जा. बां.चे डोळे खाली.

घरी आलो तर वच्छीला बातमी आधीच पोचलेली. कणीक मळत होती. "बाबा, खरंच थंड व्हता का जी?"

"हाव."

तिने कणीक झाकली. म्हणाली, "तुम्ही बी चला म्हटलं तर याल का?"

मी म्हटले, अजून कोणी काही ठरवले नाही. इथल्या रेच्यांकडे कोण पाहील. जबलपूरला थंडी फार असते म्हणतात.

जा. बा. साहेबांना मोटारीपर्यंत पोचवायला गेले आहेत. दिवे लागले. कणीक झाकून ठेवली आहे, तवा अजून चढवलेला नाही.