चार बोटे खाली घेतलेला टप

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा मोटारींच्या सीटा व हूड शिवण्याचा (हात दुखू लागल्यापासून बंद), राहणार गॅरेजच्या मागची खोली, पूर्ण शुद्धीत आणि कोणी डोक्यावर बसलेले नसताना हे लिहून ठेवते. थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे.

एक. खोली आणि गॅरेज मुलगा व सून यांच्या नावे, निम्मे निम्मे. एकट्या मुलाच्या नावे केले तर तो उद्याच विकून मोकळा होईल. पोटचा आहे, म्हणून ओळखते.

दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी माझ्या औषधांचे बिल भागवावे. उरेल ते त्याच दोघांनी घ्यावे आणि कुरकुर करू नये.

तीन. जाड शिवणाची मशीन शेजारच्या पिशव्या शिवणाऱ्या बाईंना. तिला तेल लागते, शिव्या लागत नाहीत, एवढे त्यांना सांगावे.

चार. नणंदबाईंना माझी निळी शाल. माझ्या बाळंतपणात "जरा नेते" म्हणून नेली ती अजून परत आलेली नाही. आता ती त्यांचीच. विषय संपला.

पाच. गाडी. सगळा खटाटोप हिच्यासाठीच. कागदपत्रे माझ्या नावावर आहेत.

माझे यजमान, आता हयात नाहीत, पत्र्याचे कारागीर होते. उघडझाप होणाऱ्या कापडी टपाची ही जुनी गाडी त्यांनी भंगारातून आणली. हूड चढवला की ती उपडी टोपली घातल्यासारखी दिसते, असे त्यांचे मत पडले आणि टप खाली घ्यायचे ठरले. टेपने माप घेणे त्यांना कधी पटले नाही. गाडीत माणूस बसवायचा, त्याच्या डोक्यावर दोन बोटे ठेवायची आणि खूण करायची, ही त्यांची रीत. त्या दिवशी गॅरेजात दुसरे कोणी नव्हते. "ये गं, बस जरा," म्हणाले. मी स्टिअरिंगमागे बसले. मी बुटकी. त्या खुणेने त्यांनी समोरच्या काचेची चौकट चार बोटे कापली, हूडच्या लोखंडी कमानी तेवढ्याच आखूड केल्या, आणि कापड मी तीनदा उसवून शिवले.

मग ते स्वतः आत बसले, तर डोके हूडला टेकले. मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. सीटमधल्या स्प्रिंगा काढून त्यांनी तिथे फळी टाकली आणि तिच्यावर बसून, तरीही मान वाकवून, जन्मभर गाडी चालवली. पाठ गेली. "अहो, परत उचला की तो टप," मी किती वेळा म्हटले. "तुझं माप घेतलंय ना, मग राहू दे," एवढेच उत्तर. तेव्हा राग यायचा. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मापाने शिवत आले. माझ्या मापाची एवढी एकच वस्तू आहे, हे ते गेल्यावर कळले. फार रडले.

मुलगा बापाच्या वळणावर, ताडमाड. त्याला जुन्या गाड्यांचा एक शौकीन भेटला. टप मूळ उंचीला नेला तर घेतो म्हणाला. याने मला न विचारता वेल्डर बोलावला. मी गाडीच्या दारात स्टूल टाकून बसले, ती वेल्डर कंटाळून निघून जाईपर्यंत उठले नाही. "बरं, तू आहेस तोवर राहू दे, आई," मुलगा म्हणाला. म्हणजे मी गेल्यावर काय, ते समजले.

म्हणून गाडी सुनेला, एकटीला. सगळ्यात जास्त नवल तिलाच वाटेल. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात "हे धूड भंगारात घाला" म्हणाली होती, आणि तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते. भांडी करपवते, दिवे चालू ठेवते. ते मी माफ केलेले नाही. पण यजमान शेवटच्या आजारात "एक चक्कर मारू या" म्हणून हट्टाला पेटले, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मी त्यात मावत नाही." ही किल्ली घेऊन आली, फळीवर उशी टाकली आणि बसली. मी मागे. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आलो. ती ताठ बसली होती आणि तिचे डोके हूडला लागत नव्हते. यजमान शेजारच्या सीटवर मान वाकवून तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बघ, माप चुकलं नव्हतं."

काढलेल्या स्प्रिंगा माळ्यावरच्या पेटीत आहेत. गादी मी नव्याने भरून ठेवली आहे, हात दुखत असताना. फळी काढून ती बसवावी. गाडी ठेवावी की विकावी ही सुनेची मर्जी. मी काही बघायला येणार नाही. टपाला मात्र हात लावू नये. मुलाला बरोबर जायचे असेल तर त्याने शेजारी मान वाकवून बसावे. त्याचे वडील बसले.

ठिकाण: गॅरेज. तारीख: सोळा नोव्हेंबर.

सही: वाकडी आली आहे, पण माझीच.

साक्षीदार: समोरचे रंगारी, कोपऱ्यावरचे पंक्चरवाले. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

जिला मिळायचे आहे तिने साक्षीला बसायचे नसते, असे वकील म्हणाले. म्हणून सुनेला "गाडीत बस जरा, माप घ्यायचंय" एवढेच सांगून बाहेर पाठवले. कशाचे, कशाला, काही विचारले नाही तिने. मघापासून तिथे ताठ बसून आहे.